वाणी मॅडमनी गादीवर बसवलेल्या मुली

वाणी मॅडमनी मला अख्ख्या वर्षात एकदाही नावानं हाक मारली नाही. मी जामनेरची, म्हणून मी 'जामनेर'. माझी मैत्रीण शोभा चाळीसगावची, म्हणून ती 'चाळीसगाव'. शिरपूरच्या दोघी होत्या, त्यांचं 'थोरलं शिरपूर' आणि 'धाकटं शिरपूर' झालं होतं. बाई हजेरी घ्यायला लागल्या की एसटीचा कंडक्टर गावं पुकारतोय असं वाटायचं, आणि आम्ही एकोणीस पोरी तोंडात ओढणी कोंबून हसायचो. बाईंना ते दिसायचं. त्यांना सगळंच दिसायचं, हीच तर पंचाईत होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्याला, पांझरेच्या पलीकडं देवपुरात, एका कॉलेजच्या सायकल स्टँडमागं दोन खोल्या होत्या. तिथं एक वर्षाचा कोर्स चालायचा. बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'फॅशन मर्चंडायझिंग'. त्याचा अर्थ पाटी रंगवणाऱ्याला ठाऊक नव्हता, कॉलेजच्या शिपायाला नव्हता, आणि खरं सांगते, प्रवेशाचा फॉर्म भरताना मलाही नव्हता. आमचे आबा जामनेरला सगळ्यांना सांगायचे, "पोरगी धुळ्याला मामाकडं राहून शिवणक्लास करते." मी म्हटलं, समजू दे बापडे. शिवणक्लास म्हटलं की वर्षभर तरी कुणी स्थळं आणणार नाही.

पहिल्याच दिवशी बाईंना बघून आमचा विरस झाला. फॅशन शिकवणारी बाई म्हणजे आम्ही काय काय मनात धरून आलो होतो! आणि समोर उभी कोण, तर चाळिशी ओलांडलेली एक किडकिडीत बाई, कपाळ मोकळं, पायात रबरी चपला, अंगावर राखाडी सुती साडी. दुसऱ्या दिवशी मातकट. तिसऱ्या दिवशी पुन्हा राखाडी. वर्षभर ह्या दोनच साड्या आलटून पालटून. शेवटी थोरल्या शिरपूरनं धीर करून विचारलंच, "मॅडम, तुम्ही फॅशन शिकवता, मग स्वतः का नाही करत?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "हलवाई आपले पेढे खातो का गं? चल, वही काढ."

बाईंकडं बी.ए.ची पदवी होती आणि मुंबईला जाऊन केलेला कसलासा सहा महिन्यांचा कोर्स. बाकी सगळं त्यांनी नुसतं बघून मिळवलेलं. पुस्तक होतं, इंग्रजी, जाडजूड. त्यातल्या बायका बर्फात कोट घालून फिरायच्या. बाई एकेक धडा मराठीत सांगायच्या आणि मग पुस्तक मिटून म्हणायच्या, "हे झालं परीक्षेपुरतं. आता साक्रीची बाई दिवाळीला काय घेईल ते सांगा."

पहिल्या आठवड्यात त्यांनी टेबलावर एक साडी पसरली. अंजिरी रंगाची, बारीक हिरव्या काठाची. म्हणाल्या, "ही कोण घेईल?"

कुणी म्हणालं श्रीमंत बाई, कुणी म्हणालं शिकलेली. मी शहाणपणा केला, म्हटलं, "आवडेल ती घेईल."

"आवडेल ती!" बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी बाकाखाली जायचीच बाकी राहिले. "जामनेर, आवडतं सगळ्यांनाच. ही साडी घेईल ती पस्तिशीच्या पुढची, मुलगी लग्नाला आलेली. लाल नेसायची लाज वाटायला लागलीय आणि पांढऱ्याच्या जवळ जायची भीती वाटते. गावाकडची असेल, पण तालुक्याच्या गावची. आणि ती एकटी दुकानात आली तर घेईल. सासू बरोबर असेल तर नाही."

आम्हाला वाटलं, बाई फेकतायत. मी संध्याकाळी मामींना ती साडी वर्णन करून सांगितली. मामी छत्तीसच्या, त्यांची मुलगी सतराची. भाकरी थापता थापता थांबल्या आणि म्हणाल्या, "कुठल्या दुकानात आहे गं? तुझ्या आजीला नको सांगूस." त्या रात्री माझी बाईंबद्दलची पहिली खात्री पटली.

त्यांचं एकच म्हणणं असायचं. "तोंडाचं ऐकू नका. हात कुठं जातो ते बघा." बाई दुकानात शिरली की तोंडानं म्हणते, साधी दाखवा, रोजच्या वापराची. पण हात जातो तो भलतीकडंच. तो हात पहिल्यांदा कुठं गेला, किती वेळ थांबला, मागं का आला, हे ज्याला दिसलं त्याला दुकान चालवता येतं; फॅशन मर्चंडायझिंग म्हणजे एवढंच. हे सगळं शिकायला त्या आम्हाला आठवडी बाजाराच्या दिवशी धुळ्याच्या एसटी स्टँडवर उभं करायच्या. कुठल्या गावच्या गाडीतून कुठल्या रंगाच्या किती साड्या उतरल्या, हे वहीत लिहायचं. फेरीवाल्याच्या पाटीवर कोण थबकलं, काय उचललं, काय ठेवलं, तेही लिहायचं.

एकदा काय झालं, ऊन मी म्हणत होतं. शोभा आणि मी रसवंतीत जाऊन बसलो. दोन ग्लास रस घेतला, आणि तिथंच बसून वही भरून टाकली. शिरपूरची गाडी : सोळा बायका, सहा हिरव्या, पाच लाल, दोन पिवळ्या, तीन गुलबक्षी. शोभाला तर इतका चेव आला की एका बाईच्या काठाची नक्षीसुद्धा तिनं लिहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चाळीसगाव, जामनेर, उभ्या राहा. काल शिरपूरची गाडी वाटेत बंद पडली होती. दुपारी अडीचला आली. मी पलीकडच्या टोकाला उभी राहून तिचीच वाट बघत होते."

मेलोच आम्ही. पण बाईंचा आवाज चढला नाही. उलट त्यांना खरोखरच कोडं पडल्यासारखं त्या म्हणाल्या, "खोटं लिहिलंत ते एक वेळ चालेल. पण सोळा बायका, आणि एकीचीही साडी विटलेली नाही? एवढी सुबत्ता शिरपुरात कधी आली गं?" अख्खा वर्ग हसला. धाकटं शिरपूर तर डोळे पुसत हसत होतं.

शिक्षा काय, तर पुढच्या बाजाराला आम्ही दोघी बाईंबरोबर सकाळी आठपासून उभ्या. बाई पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, मग आम्ही कुठल्या पितोय! पण त्या दिवशी जे पाहिलं ते मी आजवर विसरले नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडची एक बाई, पाठीला पोर बांधलेलं, हाताशी एक चिमुरडी. फेरीवाल्याच्या पाटीवर एक छोटा पिवळा झगा होता. बाईनं तो उचलला, पोरीच्या अंगाला लावून बघितला, ठेवला, गेली. वाणी मॅडम म्हणाल्या, "येईल." थोड्या वेळानं आलीच. पुन्हा उचलला, शिवण ओढून बघितली, ठेवला. "अजून येईल." तिसऱ्यांदा आली आणि नुसती बघून गेली.

शोभा म्हणाली, "मॅडम, आपण देऊ या का घेऊन?"

बाईंनी मान हलवली. "ती भीक मागायला नाही आलेली. ती खरेदी करतेय. तिची खरेदी दोन बाजारांची असते, एवढंच. आज मनाशी ठरलं. पुढच्या बाजाराला घेईल." मग त्या फेरीवाल्याकडं गेल्या आणि त्याला काहीतरी सांगून आल्या. आम्ही विचारलं, काय सांगितलंत? "सांगितलं, हा झगा आठ दिवस मागं ठेव. गिऱ्हाईक पक्कं आहे."

पुढच्या आठवड्यात आम्हाला कुणी जा म्हटलं नव्हतं, तरी दोघी गेलो. दुपारी ती चिमुरडी दिसली. अंगात पिवळा झगा, बाहीला अजून घडीची मोड. शोभानं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी पिचली. बाई म्हणजे आमच्या लेखी त्या दिवसापासून बाई राहिल्याच नाहीत. काय म्हणू? कुणीतरी मोठंच माणूस आपल्याला भेटलंय आणि ते रबरी चपला घालून फिरतंय, असं वाटायला लागलं.

पण एवढ्या हुशार बाईंची एक गोष्ट काही केल्या होत नव्हती. त्या काळी धुळ्याला काय, जळगावला काय, कापडदुकानाच्या गादीवर बाईमाणूस बसत नसे. पांढरीशुभ्र खोळ घातलेली लांबलचक गादी, तिच्यावर मांडी घालून बसलेले पुरुष विक्रेते, समोर गिऱ्हाईक बायका. साडी बायकांची, नेसायच्या बायका, आणि अंगाला लावून दाखवणार मिशाळ बाप्या. आम्हाला त्यात काही खटकायचंही नाही. बाईंना खटकायचं. आमच्याआधी दोन तुकड्या शिकून बाहेर पडल्या होत्या आणि त्यातल्या एकाही मुलीला कुणी दुकानात घेतलं नव्हतं. सगळ्यांची लग्नं झाली, सर्टिफिकेटं ट्रंकेत गेली. प्राचार्यांनी बाईंना सांगून ठेवलं होतं, यंदा निदान एक तरी मुलगी कामाला लागली पाहिजे, नाहीतर कोर्स बंद. कोर्स बंद म्हणजे बाईंची नोकरीही बंद, हे आम्हाला शिपायाकडून कळलं. बाई त्यातला चकार शब्दही बोलल्या नाहीत. दर रविवारी तेवढ्या छत्री घेऊन निघायच्या आणि एकेका दुकानाची पायरी चढायच्या. सोमवारी आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघायचो, आणि त्या म्हणायच्या, "वही काढा."

मार्चमध्ये एका सोमवारी त्या म्हणाल्या, "जामनेर, चाळीसगाव. एप्रिल अखेरीला आठ दिवस जळगावला जायचंय."

जळगावच्या कापडबाजारातलं एक मोठं दुकान. तिथले शेठ वडिलांच्या मागं नुकतेच गल्ल्यावर बसलेले, तिशीतले. लग्नसराईत गादीचा एक कोपरा आठ दिवसांसाठी द्यायला ते तयार झाले होते. अटी दोन. आठ दिवसांत जमलं तर बघू, नाही जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही. आणि गादीवर मुलीच बसतील, बाईंनी गिऱ्हाइकाच्या बाजूला थांबायचं, कारण मास्तरीणबाई डोक्यावर असल्या की मुलींची परीक्षा होत नाही. बाईंनी दोन्ही मान्य केल्या.

कोपऱ्यात कुठला माल ठेवायचा हे आम्ही ठरवायचं होतं. शोभानं आणि मी शेठच्या गोदामात दोन दिवस घालवले. पुस्तकात म्हटलं होतं, गिऱ्हाइकाला निवड हवी, विविधता हवी. आम्ही चाळीस साड्या निवडल्या, पोत एक, काठ एक, भाव एक, पण रंग चाळीस. मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, शेवाळी, मोतिया, चिंतामणी. मांडल्यावर आमच्याच डोळ्यांचं पारणं फिटलं. बाईंनी यादी वाचली, म्हणाल्या, "पक्कं?" आम्ही म्हटलं, "पक्कं." त्यांनी सही केली.

पहिले तीन दिवस कुणी फिरकलं नाही. बायका गादीवर पोरी बसलेल्या बघून एकमेकींना कोपर मारायच्या आणि पलीकडं पुरुष विक्रेत्यांकडं जायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी लग्नाचे बस्ते यायला लागले. बस्ता म्हणजे लग्नाचा सगळा कपडालत्ता एका बैठकीत घ्यायचा, दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसणार, एका दुकानात सकाळपासून संध्याकाळ. एका बस्त्यातल्या बायका आमच्या कोपऱ्याशी आल्या, हरखल्या, साड्या हाताळल्या, मग विचारलं, "ह्यातल्या सहा द्या, सारख्या." आम्ही म्हटलं, सारख्या नाहीत. त्या उठून गेल्या. दुसरा बस्ता, तेच. तिसरा, तेच. संध्याकाळी दुकानाचे मुनीम नाना आमच्याजवळ आले. साठीचे, धोतर-टोपीतले. म्हणाले, "पोरींनो, मानाच्या साड्या एकसारख्याच लागतात गं. जावाजावांत एकीची दुसरीपेक्षा जराही वेगळी निघाली की मांडवात रुसवा. तुम्ही रंगपंचमी मांडून बसलात."

आम्ही बाईंकडं पाहिलं. आता बाई म्हणतील, मला ठाऊकच होतं, तुम्हाला शिकायला मिळावं म्हणून बोलले नाही. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"मला नव्हतं माहीत," त्या म्हणाल्या. "स्टँडवर एकसारख्या साड्या नेसलेल्या जावा मी शेकड्यांनी पाहिल्यात. मला वाटायचं, एकदम घेतल्या की स्वस्त पडत असतील." मग चष्मा पुसत, "माझ्या लग्नाचा बस्ता वडिलांनी आणि सासऱ्यांनी घेतला. मी घरी होते. वर्षात हे गेले. त्यानंतर मला बस्त्याला कोण बसवणार?"

बाईंना न येणारं काहीतरी जगात आहे, आणि ते का येत नाही, हे दोन्ही मला एका वेळी कळलं. माल बदलावा म्हटलं तर शेठ म्हणाले, तुम्ही निवडलाय, आता तोच विका. तीन दिवस राहिले होते.

सातव्या दिवशी पारोळ्याकडचा एक मोठा बस्ता आला. मुलाकडच्या सख्ख्या-चुलत मिळून सात जावा. थोरली, म्हणजे मुलाची आई, ऐसपैस बाई, नाकात मोठी नथ. सहा जणी गादीला लगटून बसल्या. सातवी सगळ्यांत धाकटी, पंचविशीचीही नसेल, मागं भिंतीला टेकून, हात मांडीत धरून बसली. तिचं कपाळ बघितलं आणि आम्हाला कळलं. पलीकडच्या विक्रेत्यांकडं गर्दी होती, म्हणून ह्या आमच्याकडं वळल्या. अर्धा तास नुसती उलथापालथ चालली होती. वाणी मॅडम त्यांच्याच बाजूला एका कडेला बसून होत्या. गिऱ्हाइकातलीच कुणी वाटावी अशा.

शेवटी थोरली अहिराणीत म्हणाली, "आम्हले सहा जोयजेत, बठ्ठ्या एकसारख्या. आणि एक साधी, फिक्कट. धाकलीना करता."

"सारख्या नाहीत काकू," शोभा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"एक बी नही? काय व पोरी, दुकान शे का जत्रा शे?" थोरली गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

तेव्हा बाई पुढं आल्या. "बसा अक्का, दोन मिनिटं." त्या आवाजाला आम्ही वर्षभर बसत आलो होतो. थोरलीही बसली. बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. ढिगातून डाळिंबी साडी काढली आणि थोरलीच्या मांडीवर ठेवली. मोरपंखी दुसरीच्या. शेवाळी तिसरीच्या. आमसुली, जांभळी, मोतिया, एकेक साडी उचलायची आणि एकेकीच्या ओटीत घालायची, जशी काही नावं लिहून ठेवली होती. बायका आधी हसल्या, मग पदर उलगडून बघायला लागल्या. कुणीच साडी परत ढकलली नाही. दुसरी जाऊ म्हणाली, "तुले कसं समजनं व माय? मी तं बोलनू बी नही."

आता हातात एक साडी होती. निळ्याशार चिंतामणी रंगाची, ह्या चाळिसांतली सगळ्यांत देखणी. बाई भिंतीशी गेल्या, त्या धाकटीसमोर उकिडव्या बसल्या आणि तिच्या मांडीवर ती ठेवली. धाकटी चटका बसल्यासारखी मागं सरली. "मी हात नही लावना," ती कशीबशी म्हणाली.

"हात नाही लावलास," बाई म्हणाल्या. "बघत होतीस."

पलीकडचे विक्रेते माना वळवून बघत होते. एक जाऊ पुटपुटली, रीत नाही म्हणून. शोभानं माझं मनगट धरलं. मला वाटलं, झालं, आता ह्या उठणार, शेठ हाकलणार, कोर्स संपला. बाई थोरलीकडं वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "अक्का, सहा एकसारख्या घेतल्या तर सातवी मांडवात लांबूनच ओळखू येईल. पोत एक, भाव एक. सात जणी सात रंगांत आल्या, तर हिची वेगळी आहे असं कोण म्हणेल?"

थोरली नथ चाचपत आपल्या मांडीवरच्या डाळिंबी साडीकडं बघत राहिली. मग धाकटीला म्हणाली, "घी ले व. तुनीच शे ती." आणि बाकीच्यांकडं एकदा डोळे फिरवून, "जिले रुसनं शे तिनी आत्तेच रुसी ले. मांडवमा नही चालाव."

कुणी रुसलं नाही. धाकटीनं साडी घेतली आणि पदरात तोंड लपवून हुंदके देत बसली, आणि ती पुटपुटलेली जाऊच तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी तिथं गादीवर सगळ्या गिऱ्हाइकांदेखत रडले. शोभाही. बाईंनी आमच्याकडं डोळे वटारले, "साड्यांच्या घड्या घाला," म्हणाल्या.

तो अख्खा बस्ता मग आमच्याच कोपऱ्यात झाला. आणि दुसऱ्या दिवशी पारोळ्याकडचे आणखी दोन आले, 'सात रंगनं' मागत.

संध्याकाळी शेठनी बाईंना बोलावलं. आम्ही दाराशी. शेठ म्हणाले, "बाई, तुम्हीच या इथं. गादीवर बसा. कॉलेज देतं त्याच्या दीडपट देतो."

बाई म्हणाल्या, "मला नको. ह्या दोघींना घ्या. आणि दोघींना एकदम घ्या, एकटी मुलगी मी इतक्या पुरुषांत ठेवणार नाही."

शेठ हो म्हणाले. आम्हाला उड्या माराव्याशा वाटल्या. तेवढ्यात नानांनी मला बाजूला घेतलं. "ह्या बाईंना मी ओळखतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वीसेक वर्षं झाली. पांढऱ्या साडीत आल्या होत्या, कागदांची फाइल घेऊन. ह्याच दुकानात नोकरी मागायला. मोठे शेठ होते तेव्हा. पायरी चढू दिली नाही त्यांनी. लग्नाचं कापड असतं म्हणाले, अपशकुन नको. मी पाणी घेऊन गेलो, तर बाई वळूनही न बघता गेल्या."

परतीच्या धुळे गाडीत मी बाईंशेजारी बसले. पारोळा मागं पडेपर्यंत धीर झाला नाही. मग विचारलं, "मॅडम, तुम्हाला नको होती ती नोकरी?"

"हवी होती की," बाई म्हणाल्या. खिडकीबाहेर कापसाची उजाड शेतं होती, तिकडं त्या बघत राहिल्या. मग एकदम, "जामनेर, तुझ्या ओढणीला इस्त्री नाही. कामावर अशी जाऊ नकोस."

कोर्स वाचला. पुढची सहा-सात वर्षं चालला आणि दर वर्षी तीन-चार मुली धुळ्या-जळगावच्या दुकानांत लागत गेल्या. आबांनी गावात शिवणक्लास असं सांगणं कधी थांबवलं ते मला कळलंच नाही. एकदा घरी गेले तर ओट्यावर बसून कुणाला तरी सांगत होते, "आमची मंदा जळगावच्या गादीवर असते." माझं लग्न झालं, तेही जळगावातच, आणि मी काम सोडलं नाही. शोभा चाळीसगावला गेली आणि तिनं स्वतःचं छोटं दुकान टाकलं. मग कॉलेजला कॉम्प्युटरसाठी खोल्या हव्या झाल्या आणि कोर्स बंद पडला. बाईंनी पत्रात तेवढंच कळवलं, तक्रारीचा एक शब्द नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या दुकानात आल्या. हातात पिशवी, बाहेर हमालाच्या डोक्यावर ट्रंक. भुसावळला भाच्याकडं कायमच्या राहायला निघाल्या होत्या, गाडीला दीड तास होता. केस पार पांढरे झाले होते. साडी राखाडी. गादीवर तेव्हा आम्ही पाच जणी होतो, त्यातल्या तिघी त्यांच्याच. सगळ्या उठून पाया पडलो. नाना थकले होते, पण त्यांनी स्वतः पाणी आणलं. बाईंनी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायल्या.

मी म्हटलं, "मॅडम, गिऱ्हाइकाच्या बाजूला नका बसू. इकडं या, आमच्यात."

त्या नको नको म्हणत होत्या. मी हात धरून आत घेतलं. त्यांनी चपला काढल्या, पाय पदरानं पुसले आणि गादीवर येऊन बसल्या, मांडी घालून, पाठ ताठ. खोळीवरून एकदा तळवा फिरवला. आम्ही चहा सांगत होतो तेवढ्यात मायलेकी आल्या, आणि आमच्यात वयानं मोठ्या बाईच दिसल्या म्हणून आई सरळ त्यांच्यासमोर येऊन बसली. मी पुढं व्हायला लागले. बाईंनी न बघता हातानं मला थांबवलं.

लेक लाजत होती. आई बोलकी होती. बाई एकेक साडी उलगडत होत्या, खांद्यावर टाकून दाखवत होत्या, पोरीशी बोलत होत्या. इतकं हसताना मी त्यांना देवपुरातल्या त्या खोल्यांत कधी पाहिलं नव्हतं. आई खूश होऊन म्हणाली, "बाई, तुमच्याकडंच बसायला पाहिजे बघा दर वेळी. किती वर्षं झाली तुम्हाला इथं?"

"आजच लागले," वाणी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुढची साडी उलगडली.